वरची खूण

९ ऑगस्ट १९८७
आवेर्सा

सबातीनो,

दर नाताळला जर्मनीहून तुझं कार्ड येतं. त्यावर तुझी आणि तुझ्या बायकोची, उटेची, सही असते आणि मीही तसंच कार्ड उलट पाठवतो. सव्वीस वर्षांत आपल्या दोघा भावांचं बोलणं म्हणजे एवढंच. त्यामुळे भर ऑगस्टात माझं पाकीट बघून तू म्हणशील, आता कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. आई गेली तीच शेवटची, आणि तेव्हा तू आला नाहीस. ते आज उकरून काढत नाही.

कामाचं सांगतो. बाबांच्या रांगेतली पॉप्लरची अकराही झाडं, त्यांवर चढवलेल्या वेलांसकट, यंदाच्या द्राक्षतोडणीनंतर पाडायचं ठरलंय. शेत आता माझा जावई एलिओ बघतो. त्याला द्राक्षाचे वेल कमरेएवढ्या तारेवर हवेत, ट्रॅक्टर मधून जाईल असे. तो म्हणतो, "माणसानं जमिनीवर उभं राहून द्राक्षं तोडावीत, माकडासारखं झाडावर कशाला जायचं?" मी त्याच्यावर डाफरलो, पण पोराचं काही चूक नाही. पाच मजली घराएवढ्या उंचीवर चढणारा माणूस राहिलाय कुठे? गेल्या साली दोघे भाडोत्री मजूर आले, निम्म्या उंचीपर्यंत गेले आणि चक्कर येते म्हणून खाली आले. शेंड्याची द्राक्षं, सगळ्यांत आंबट आणि आपल्या दारूला खरी धार देणारी, ती भोरड्या पाखरांनी खाल्ली. तळघरातल्या पिंपातली आस्प्रीनिओ यंदा नुसती पाण्यासारखी लागते. प्यायल्यावर एक डोळा आपोआप मिटला पाहिजे असं बाबा म्हणायचे. माझे दोन्ही उघडेच राहिले.

म्हणून लिहितोय, की ये. तोडणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. शेवटची आहे, आणि आपल्या घरात चढणारा तूच होतास. मी सुतार, शिड्या करणारा, तिसऱ्या पायरीच्या वर मी जात नाही हे तुला ठाऊक आहे.

फोनही करता आला असता. एलिओनं तुझा नंबर शोधून दिला होता. पण फोनवर तू गप्प बसशील आणि मी काहीबाही बडबडेन.

बाबांच्या कबरीपाशी मी तुला जे बोललो ते साऱ्या गावानं ऐकलं. "तू शिडीच्या पायथ्याशी उभा असतास तर बाबा आज असते." रागाच्या भरात माणूस बोलून जातो. ते मनातून काढून टाक.

राइमोंदो

३० ऑगस्ट

सबातीनो,

तुझं पत्र आलं. सगळ्या मिळून चार ओळी, पण मी त्या रोझाल्बाला तीनदा वाचून दाखवल्या. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पाठ झालं मला. आता निदान टोमॅटो तरी ढवळा." तुझी वहिनी अजून तशीच आहे, तोंडानं फटकळ. माझ्या पाठीमागे तिनं तुझ्यासाठी गादी उन्हात घातली.

तू लिहितोस, सुट्टी मिळते का बघतो, पण चढू कुठल्या शिडीवर, माझी शिडी तर तू कधी केलीच नाहीस.

खरं आहे. बाबा गेले त्या साली वसंतात माझ्या गुरूंनी, अगोस्तीनो काकांनी, तुझा पाय मोजला, कार्यशाळेच्या भिंतीवर तुझी खूण कोरली, आणि तुझी शिडी बाबांच्या शिडीनंतर व्हायची होती. ती राहून गेली. आता करतो. शिडीच्या दोन बाजूंसाठी चेस्टनटचे दोन सोट माळ्यावर अकरा वर्षं वाळत पडलेत, एक गाठ नाही त्यांना. हल्ली मी खिडक्यांच्या चौकटी करतो, बायका "पांढरा रंग द्या हं" म्हणतात आणि मी पांढरा रंग देतो. शिडी करून बारा वर्षं झाली. काल सोट खाली काढले.

फक्त एक कर. टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत दोरी धर, काप आणि पाकिटातून पाठव. उटेला धरायला सांग, स्वतः वाकून मोजलंस तर माप चुकतं. पायरी पायाला बरोबर बसली पाहिजे. गुडघा वरच्या पायरीत अडकतो, म्हणूनच दोन्ही हात सुटे राहतात, हे मी तुला सांगायला नको.

लवकर पाठव. पायऱ्या बसवायला मला पंधरा दिवस लागतील.

राइमोंदो

११ सप्टेंबर

सबातीनो,

पाकीट उघडलं, झटकलं, दोरी नाही. नुसता कागद. "दोरी कशाला? भिंतीवर माझी खूण आहे ना. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा घेतलेली. त्यानंतर माणसाचा पाय थोडाच वाढतो."

अरे, ती भिंत आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ओल फार. मध्यंतरी चुना दिला, त्यात जुन्या खुणा बुजल्या. अगोस्तीनो काका जाऊनही आता नऊ वर्षं झाली, कोणाची खूण कुठली हे सांगणारंही कोणी नाही. आणि इतक्या वर्षांनी माप नव्यानंच घेतलेलं बरं. म्हणून म्हणतो दोरी पाठव, उगाच फाटे फोडू नकोस.

इथे बाकी ठीक. द्राक्षं यंदा भरपूर आहेत. एलिओनं लाकूड कापायचं यंत्र आणून पडवीत ठेवलंय. त्यावरून जाता-येता माझा पाय अडखळतो.

राइमोंदो

१२ सप्टेंबर

कालचं पत्र टाकलं नाही. पाकीट बंद करून खिशात घेऊन पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. आता दोन्ही एकत्र पाठवतो, म्हणजे तुझा भाऊ पन्नाशीतही कसा सफाईनं खोटं बोलतो ते तुला दिसेल.

भिंतीला चुना दिला हे खरं. मध्यंतरी नाही दिला. बाबांची माती झाली त्याच संध्याकाळी दिला. मीच दिला.

सगळं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण यातला अर्धा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, रोझाल्बालाही नाही. ती शिडी मी एकट्यानं केलेली पहिली शिडी. तोवर अगोस्तीनो काका पायऱ्या बसवायचे आणि मी रंधा मारायचो. त्या सप्टेंबरात ते म्हणाले, "तुझ्या बापाची तूच कर. मी बघणारसुद्धा नाही." खरंच बघितलं नाही त्यांनी. मी आठ दिवस खपलो. भिंतीवर वीस-बावीस खुणा होत्या. आपल्या घरच्या दोन कोपऱ्यात होत्या, एक खाली, एक दोन बोटं वर. मी वरची घेतली.

मी विचारच केला नाही. बघ ना, कोणती कोणाची असा प्रश्नही डोक्यात आला नाही. बाबा मोठे, तर वरची बाबांची. माझ्या डोळ्यांपुढे तू बाबांच्या काखेत मावणारा पोरगाच होतास. तू त्या वर्षात बापाच्या डोक्यावरून गेलास, हे मी रोज जेवताना समोर बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

शिडी तुझ्या पायाची झाली.

तोडणीच्या पहिल्या दिवशी मी काकांना घेऊन रांगेवर आलो, शिडी मिरवायला. मागे चार-पाच शेजारी होतेच. बाबा खालच्याच घडांत रेंगाळत होते. टोपली अजून हाताच्या अंतरावर लटकत होती. माझा जीव वरखाली, की लोकांना काय दिसणार. मी बांधावरून ओरडलो, "बाबा, शिडी काय शोभेला केलीय? जरा वर जा की." त्यांनी खाली बघितलं. मला वाटलं हसले. मग चढले.

शेंड्यापाशी त्यांनी दोन्ही हात सोडले तेव्हा गुडघा अडकला नाही. मी दहा पावलांवर होतो. आधी टोपली पडली आणि नेहमीसारखी निमुळत्या बुडाच्या टोकावर मातीत रुतून उभी राहिली, एक घड सांडला नाही. तुला आठवत असेल, नंतर दिवसभर ती तिथे तशीच उभी होती. कोणी हात लावला नाही.

बाबा तीन दिवस अंथरुणावर होते. तू त्यांच्या उशाशी बसून राहिलास, मी काही तिथे टिकलो नाही. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत जाऊन शिडी दोन्ही खुणांना लावून बघितली आणि मला कळलं, वरची तुझी होती. म्हणजे माती देताना मला सगळं ठाऊक होतं. कबरीपाशी मी तुला बोललो ते रागाच्या भरात नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मनात पायरीच्या मापाचा विचार येऊ नये म्हणून मी बोललो. तू पायथ्याशी नव्हतास, एवढं एकच माझ्या हाताशी होतं. म्हटलं, हा त्या पोरीच्या, एर्सिलियाच्या, खिडकीखाली शिट्ट्या मारत असणार. तू धावत आलास तेव्हा खांद्यावर कसलीशी शिडी होती, तीही कोणाची, कुठून आणलीस, मी विचारलं नाही. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडून मोकळा झालो. त्याच संध्याकाळी खुणांवर चुना फासला आणि घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिड्या फोडून भट्टीत घातल्या. मेलेल्याची शिडी ठेवायची नाही असं आपल्यात आहेच. लोक म्हणाले, पोरानं मनाला फार लावून घेतलंय. आईसुद्धा तेच म्हणाली. आठव्या दिवशी तू जर्मनीची गाडी पकडलीस आणि मला, तुला सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं झालं.

मग आई दर तोडणीला एक ताट जास्त वाढायची आणि मी समोर बसून जेवायचो. ती मरेपर्यंत तुला दोष देत नव्हती, हे तुला कोणी कळवलं नसेल. मीही नाही कळवलं.

मला क्षमा माग असं कोणी सांगितलेलं नाही. मागतो. ये म्हणायचा हक्क आता उरला नाही, तरी म्हणतो.

राइमोंदो

४ ऑक्टोबर

सबातीनो,

तीन आठवडे झाले. पोस्टमनला मी लांबूनच ओळखतो आता, आणि तो मला. काल त्यानं हात हलवून नाही म्हटलं, सायकलवरून उतरलाही नाही.

तोडणी झाली. भाडोत्री चौघे होते, यंत्राची शिडी घेऊन आले, तीही अर्ध्यावरच पोचते. दहा झाडं उतरवली. रोझाल्बानं दुपारी म्हशीच्या दुधाचं चीज आणि पाव आणला, सगळे बांधावर बसून जेवले, हसले. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "राइमोंदो, तुझा भाऊ असता तर शेंड्यावर गाणं म्हणत बसला असता." मी म्हटलं, "हो, असता."

अकराव्या झाडाला मी कोणाला हात लावू दिला नाही. ते बाबांचं झाड, ज्यावरून ते पडले. एलिओ वैतागला. "अहो, उद्यापासून कापायला घ्यायचंय. एक झाड मधे ठेवून मी ट्रॅक्टर काय डोक्यावरून नेऊ?" मी म्हटलं, ने. माझ्या लेकीनं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते माहीत नाही, पण तो "पंधरा दिवस, त्यापुढे एक दिवस नाही" म्हणाला.

पत्र आलं नाही हे बरोबरच आहे. मी असतो तर मीही लिहिलं नसतं. रोझाल्बाला परवा सगळं सांगितलं. ती उठली आणि तुझ्यासाठी काढलेली गादी गुंडाळली. म्हणाली, "आता कुठल्या तोंडानं बोलावता?" आज सकाळी बघतो तर ती पुन्हा उन्हात घातलेली.

सोट तासून ठेवलेत. पायऱ्यांची लाकडं कापून ठेवलीत. माप नाही, म्हणून तिथेच थांबलोय. अंदाजानं मी यापुढे एकही पायरी बसवणार नाही.

राइमोंदो

१३ ऑक्टोबर

सबातीनो,

तुझं पत्र मिळालं. आता माझ्यापाशी लिहिण्यासारखं थोडंच आहे, पण तू लिहिलेलं एकदा माझ्या हातानं उतरवून काढतो. नाहीतर मी ते माझ्या सोयीनं लक्षात ठेवीन. मला ती सवय आहे.

तू लिहितोस: "सकाळी शिडी लावली तेव्हा बाबा म्हणाले, आधी तू चढून बघ. मी चढलो. गुडघा बरोब्बर अडकला. मी वरून हसलो, म्हटलं, बाबा, ही तर माझी झालीय. मग ते स्वतः चार पायऱ्या चढले आणि खाली उतरले. म्हणाले, राइमोंदोला कळता कामा नये. पहिलीच शिडी आहे त्याची, म्हाताऱ्या अगोस्तीनोला घेऊन बघायला येतोय, चार लोकांत त्याची मान खाली जाईल. तू पळ, गोठ्यामागून माझी जुनी शिडी आण, मागच्या वाटेनं ये. तोवर मी खालचे घड काढत बसतो. रात्री आपण दोघं गुपचूप पायऱ्या बदलून घेऊ. मी पळालो. परत आलो तेव्हा ते जमिनीवर होते."

पुढे लिहितोस: "अंथरुणावर मला जवळ बोलावून त्यांनी तेच सांगितलं. त्याला कळू देऊ नकोस, त्याचा हात कायमचा मोडेल, मग तो शिडी करणार नाही. मी हो म्हटलं. कबरीपाशी तू बोललास तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. म्हणून गाव सोडलं. राहिलो असतो तर एक ना एक दिवस बोललो असतो."

म्हणजे बाबांना ठाऊक होतं. शिडी आपली नाही हे ठाऊक असून ते वर गेले, कारण मी बांधावरून ओरडलो. आणि ते हसले असं मला जे वाटलं, ते खरंच हसले होते. मी मापात चुकलो हे सव्वीस वर्षं उराशी धरून बसलो होतो. ते काहीच नव्हतं. ती चूक त्यांनी झाकली होती. तूही झाकलीस, आणि त्याची किंमत म्हणून मी तुला घराबाहेर काढलं. खांद्यावर बाबांची शिडी घेऊन धावत आलेल्या माणसाला विचारलं, तू होतास कुठे.

पत्र वाचून मी कार्यशाळेत जाऊन बसलो. रोझाल्बा दारात आली, बघून परत गेली.

तू लिहितोस, क्षमा केली असं लिहवत नाही, येईन असंही नाही. ठीक आहे. त्याखाली लिहिलंयस, "दोरी पाठवतोय. पाय तेवढाच आहे, पण पंचेचाळिशीला गुडघा पूर्वीएवढा वर येत नाही. म्हणून उटेला दोन बोटं कमी कापायला सांगितली. माझं आताचं माप हे आहे, भिंतीवरचं नाही."

काल छिन्नी घेऊन कोपऱ्यातला चुना खरवडला. दगडात कोरलेलं चुन्यानं जात नाही. दोन्ही खुणा तशाच आहेत. तुझी दोरी जमिनीपासून लावून बघितली, तर ती बाबांच्या खुणेवर येऊन थांबली. पुन्हा लावली. पुन्हा तिथेच.

शिडी त्या मापाची करतोय. सात दिवस उरलेत, रात्रंदिवस पायऱ्या बसवून पाचव्या दिवशी पूर्ण करीन. दहा झाडं पडली, आता रांगेवर उन्हाचा नुसता डोळ्यांवर मारा होतो. अकरावं उभं आहे, शेंड्यापर्यंत भरलेलं. भोरड्या रोज सकाळी येतात. मी खाली जुना पत्र्याचा डबा बडवत बसतो. एलिओ म्हणतो, लोक हसतात. हसू देत.

शिडी झाली की झाडाला लावून ठेवीन. कुठल्या गाडीनं येतोस, येतोस की नाही, काही कळवू नकोस. मागच्या वाटेनं आलास तरी चालेल. मी तिथेच असेन, पायथ्याशी.

राइमोंदो